शिक्का, रस्ता आणि मेहनताना : अमेरिकेतील फिरत्या नोटरींचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांत नोटरीच्या कामाचा कमाल मोबदला कायद्याने ठरवून दिलेला असतो. पण हा मोबदला ज्या कामासाठी ठरतो ते काम म्हणजे सही करणाऱ्याची ओळख पटवणे, तो समजून व स्वखुशीने सही करीत आहे याची खातरजमा करणे आणि कागदावर शिक्का उमटवणे एवढेच असते. त्या सहीपर्यंत पोहोचण्यासाठी करावा लागणारा प्रवास, कागदपत्रांच्या छपाईचा खर्च, दारात ताटकळण्यात गेलेला वेळ आणि ऐनवेळी रद्द झालेली भेट यांचा हिशेब बहुतेक राज्यांच्या कायद्यांत आढळत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'मोबाइल नोटरी' म्हणजे ग्राहकाच्या घरी, रुग्णालयात किंवा कचेरीत स्वतः जाऊन काम करणारा फिरता नोटरी हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला, तेव्हा कायद्यातील ही मोकळी जागा उघडी पडली आणि ती खासगी करारांनी व मध्यस्थांनी भरून काढली. या व्यवसायातील योग्य मेहनतान्याचा वाद वरवर पाहता काही डॉलरांचा दिसतो. परंतु त्याचा इतिहास तपासला असता नोटरीच्या निःपक्षपातीपणाची किंमत कोणी चुकवायची, हा जुनाच प्रश्न त्याच्या मुळाशी असल्याचे दिसून येते.

येथे प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. युरोप खंडातील नोटरी हा कायदेतज्ज्ञ असतो, दस्त स्वतः तयार करतो आणि त्याच्या दस्ताला विशेष पुराव्याचे मूल्य असते. भारतात १९५२ च्या नोटरी कायद्यान्वये होणारी नेमणूक प्रामुख्याने अनुभवी वकिलांची असते. अमेरिकेतील नोटरी मात्र सामान्य नागरिक असतो. कॅलिफोर्नियासारख्या तुलनेने कडक राज्यातही सहा तासांचा अभ्यासक्रम, एक लेखी परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि १५,००० डॉलरचा हमीरोखा एवढ्या अटी पूर्ण केल्या की चार वर्षांसाठी अधिकारपत्र मिळते. टेक्सास राज्याने नोटरीपद केवळ अमेरिकी नागरिकांपुरते राखून ठेवले होते. ती अट केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली 'बर्नाल विरुद्ध फेंटर' या खटल्यात रद्द केली आणि तसे करताना नोटरीचे काम महत्त्वाचे असले तरी ते मूलतः कारकुनी व ठरावीक नियमांनी बांधलेले आहे, असा निर्वाळा दिला. पदाने सरकारी, परंतु पगाराविना, आणि कामाने कारकुनी, परंतु विश्वासाच्या दृष्टीने मोलाचा, असा हा दुहेरी दर्जा त्याच्या मेहनतान्याच्या गुंत्याचे मूळ आहे.

लेखनिकाच्या कामाला सरकारने कमाल दर लावण्याची प्रथा फार जुनी आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इ. स. ३०१ मध्ये काढलेल्या दरपत्रकात दस्त लिहिणाऱ्या 'टॅबेलियो'साठी शंभर ओळींना दहा दिनार असा कमाल दर नमूद आहे. म्हणजे तेथे मोजमाप लिखाणाचे होते. पुढे सम्राट जस्टिनियनने ५३७ साली काढलेल्या आज्ञेने टॅबेलियोने दस्ताच्या वेळी स्वतः हजर राहिले पाहिजे आणि हे काम हाताखालच्या माणसावर सोडू नये असे बंधन घातले. ओळींना दर देणारा कायदा आणि हजेरी सक्तीची करणारा कायदा यांच्यामध्ये दोन शतकांहून अधिक अंतर असले, तरी पुढील काळातील विसंगतीचे बीज या दोहोंत एकत्र सापडते, कारण हजेरी हे कर्तव्य ठरले आणि दर मात्र कागदाला जोडलेला राहिला.

इंग्लंडमध्ये नोटरींची नेमणूक पूर्वी पोपच्या अधिकाराने होत असे; १५३३ च्या कायद्याने तो अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला आणि त्याच्या 'कोर्ट ऑफ फॅकल्टीज' या कार्यालयामार्फत तो चालू लागला. इंग्रज व्यापाऱ्यांच्या जगात नोटरीचे मुख्य काम हुंडीशी निगडित होते. परगावच्या व्यापाऱ्यावर काढलेली हुंडी स्वीकारली वा वटवली गेली नाही, तर नोटरी ती पुन्हा सादर करी आणि नकार मिळाल्यास त्याचा अधिकृत दाखला लिहून देई. या दाखल्याला 'प्रोटेस्ट' म्हणत. वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान बंदरात उतरल्यावर मालाच्या नुकसानीबाबत जे निवेदन नोंदवी, तेही नोटरीपुढेच होत असे. ही सर्व कामे बंदर, पेढ्या आणि व्यापारी कोठ्या यांच्या जवळपास उरकणारी असल्यामुळे नोटरीला चालावे लागत असले तरी दूरचा प्रवास क्वचितच करावा लागे, आणि दरपत्रकात रस्त्याला वेगळी जागा देण्याची गरज कोणाला भासली नाही.

अमेरिकेतील वसाहतींनी हेच बंदरी रूप उचलले. न्यू हेवन येथे १६३९ साली टॉमस फ्यूगिल याची सार्वजनिक नोटरी म्हणून निवड झाली आणि पुढे नोंदींत फेरफार केल्याच्या कारणावरून त्याला पदावरून दूर करण्यात आले. वसाहतीच्या पहिल्या काही नोटरींपैकी एकाचा हा शेवट या पदाच्या विश्वासार्हतेची चिंता किती आरंभापासूनची आहे हे दाखवतो. त्या काळी शेरीफ, कारकून, मोजणीदार, दंडाधिकारी असे बहुतेक सार्वजनिक अधिकारी पगारावर नव्हे तर प्रत्येक कामामागे मिळणाऱ्या शुल्कावर जगत आणि विधिमंडळे अशा शुल्कांची लांबलचक कोष्टके मंजूर करीत. लक्षणीय बाब अशी की ज्यांच्या कामात प्रवास गृहीत होता त्यांना मैलांप्रमाणे भत्ता मिळत असे. १७८९ साली पहिल्या काँग्रेसने आपल्या सदस्यांना दररोज सहा डॉलर आणि प्रत्येक वीस मैलांच्या प्रवासाला आणखी सहा डॉलर असा दर लावून घेतला. १८५३ च्या केंद्रीय शुल्क कायद्याने न्यायालयात येणाऱ्या साक्षीदारालाही हजेरीच्या भत्त्याखेरीज मैलामागे पाच सेंट दिले. साक्षीदाराच्या पायपिटीला जो दर मिळाला तो नोटरीच्या पायपिटीला सहसा मिळाला नाही, कारण विधिमंडळांच्या नजरेसमोर नोटरी आपल्या मेजामागे बसलेला होता.

इतिहासकार निकोलस पॅरिलो यांनी 'अगेन्स्ट द प्रॉफिट मोटिव्ह' या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, १७८० ते १९४० या काळात अमेरिकी शासनाने शुल्कावर चालणारी पदे एकामागून एक पगारी केली, कारण प्रत्येक कामामागे पैसा मिळणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर त्या पैशाची छाया पडते अशी भावना बळावत गेली होती. नोटरी या बदलातून सुटला. दरम्यान हुंड्यांचे महत्त्व ओसरले, प्रोटेस्टची सक्ती व्यापारी कायद्याने हळूहळू सैल केली आणि नोटरीचे काम शपथपत्रे, मुखत्यारपत्रे व स्थावर मालमत्तेचे दस्त यांकडे वळले. बँका, विमा कचेऱ्या आणि औषधांची दुकाने आपल्या एखाद्या नोकरालाच नोटरी करून घेत आणि ग्राहकांना ही सेवा विनामूल्य किंवा नाममात्र दरात देत. तो नोकर पगारी असल्यामुळे शुल्कावर त्याचे पोट अवलंबून नसे. या परिस्थितीत कमाल शुल्क कितीही तुटपुंजे असले तरी त्याविरुद्ध ओरड होण्याचे कारण नव्हते. न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष हजेरीत केलेल्या साक्षांकनाला आजही दोन डॉलर, पेनसिल्व्हेनियात पाच डॉलर आणि फ्लोरिडात दहा डॉलर ही मर्यादा आहे; कॅलिफोर्नियाने ती २०१७ पासून दहावरून पंधरा डॉलरवर नेली, तर टेक्सासने २०२३ साली सहावरून दहावर नेली.

नोटरींच्या वतीने बोलणारी पहिली मोठी संघटना, 'नॅशनल नोटरी असोसिएशन', १९५७ साली कॅलिफोर्नियात रेमंड रॉथमन यांनी स्थापन केली. राज्यांनी स्वीकारावा अशा नमुना कायद्यांचे मसुदे तयार करणे हे या संघटनेचे दीर्घकाळ चाललेले कार्य असून, तिच्या नमुना कायद्यात प्रवासशुल्काचा स्वतंत्र विचार आढळतो : प्रवासाला निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी दर मान्य केलेला असावा, आणि हे शुल्क साक्षांकनाच्या शुल्काहून वेगळे आहे व कायद्याने ठरवलेले वा सक्तीचे नाही, हे नोटरीने ग्राहकाला समजावून सांगावे. या तरतुदीत रस्त्याला नाव मिळाले. परंतु त्याची किंमत सौद्यावर सोपवली गेली आणि सौद्यात नोटरीची बाजू किती भक्कम राहील हे त्याच्यासमोर कोण उभे आहे यावर अवलंबून राहिले.

समोर उभे राहिले ते गहाणकर्जाचे अवाढव्य क्षेत्र. तीस वर्षे मुदतीच्या स्थिर दराच्या गृहकर्जावरील व्याज १९८१ साली १८ टक्क्यांवर गेले होते; ते उतरत उतरत जून २००३ मध्ये ५.२१ टक्क्यांवर आले. दर उतरला की जुने कर्ज फेडून त्याच घरावर नवे स्वस्त कर्ज काढण्याची, ज्याला 'रीफायनान्स' म्हणतात त्याची, लाट येते. घर विकत घेताना खरेदीदार कचेरीत जाऊन सह्या करण्यास तयार असतो, परंतु राहत्या घरावरचे कर्ज बदलताना त्याला कामावरून आल्यावर, संध्याकाळी, स्वयंपाकघरातील टेबलाशी सह्या करणे सोयीचे वाटते. शिवाय कर्ज देणारी संस्था दुसऱ्याच राज्यात असते आणि तिची स्थानिक शाखाही नसते. या गरजेतून 'लोन सायनिंग एजंट' म्हणजे कर्जाच्या कागदपत्रांचा संपूर्ण गठ्ठा घेऊन ग्राहकाकडे जाणारा नोटरी जन्माला आला. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या काही राज्यांत अशा व्यवहारांवर वकिलाची देखरेख आवश्यक असल्यामुळे तेथे या धंद्याला फारसा वाव मिळाला नाही. पश्चिमेकडील राज्यांत मात्र तो झपाट्याने वाढला.

या कामाची रीत समजून घेतल्याशिवाय त्याच्या मोबदल्याचा वाद कळत नाही. कागदपत्रे नोटरीला संगणकावर, पुष्कळदा भेटीच्या काही तास आधी, मिळतात. शंभर-दीडशे पानांच्या दोन प्रती, एक सह्यांसाठी व एक कर्जदारासाठी, त्याने स्वतःच्या यंत्रावर स्वतःच्या कागदावर छापायच्या, गाडीने ग्राहकाच्या घरी जायचे, ओळखपत्र तपासायचे, नोंदवहीत नोंद करायची, कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या दस्तांसाठी अंगठ्याचा ठसा घ्यायचा, प्रत्येक सही जागच्या जागी झाली आहे हे पाहायचे आणि गठ्ठा त्याच दिवशी कुरिअरला द्यायचा. या सर्वांसाठी एक ठोक रक्कम ठरते, आणि कायद्याने मर्यादित केलेले साक्षांकनाचे शुल्क त्या रकमेच्या पोटात येते. पैसा देणारी मूळ संस्था सहसा 'टायटल कंपनी' असते. मालमत्तेचा हक्क निर्वेध असल्याची तपासणी करून त्याचा विमा उतरवणे आणि व्यवहाराचे पैसे पोहोचवणे हे तिचे काम. ती आणि नोटरी यांच्यामध्ये 'सायनिंग सर्व्हिस' नावाचा अडत्या असतो, जो नोटरी शोधून देतो आणि ठरलेल्या रकमेतून आपली अडत कापून उरलेली नोटरीच्या हाती ठेवतो. मूळ रक्कम किती होती हे नोटरीला बहुधा ठाऊक नसते, आणि एकाच कामासाठी अनेक नोटरींना एकाच वेळी संदेश जात असल्याने सर्वांत आधी व सर्वांत कमी दराला 'हो' म्हणणाऱ्याला ते मिळते.

भेट रद्द होण्याचा प्रश्न याच साखळीत सर्वाधिक बोचरा होतो. १९६८ च्या 'ट्रूथ इन लेंडिंग' कायद्याने, राहत्या घरावर दुसऱ्या संस्थेकडून काढलेले नवे कर्ज सही केल्यानंतर कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कोणतेही कारण न देता रद्द करण्याचा हक्क कर्जदाराला दिला. हा हक्क कर्जदाराच्या हिताचा आहे याबद्दल दुमत नाही. परंतु टायटल कंपनीचे व मध्यस्थांचे पैसे कर्जाची रक्कम प्रत्यक्ष वितरित झाल्यावरच निघतात, त्यामुळे कर्ज बुडाले की मोबदल्याचा झराच आटतो. अनेक मध्यस्थ करारात तशी अट घालून हा तोटा थेट नोटरीवर ढकलतात, जरी त्याचे काम तीन दिवसांपूर्वीच पूर्ण झालेले असते. याखेरीज ग्राहकाने दारातूनच परत पाठवणे, व्याजाचा आकडा सांगितल्याहून वेगळा निघाल्याने सही नाकारणे, ओळखपत्राची मुदत संपलेली असणे, कागदपत्रे वेळेत न येणे अशा कारणांनी फुकट गेलेल्या फेऱ्या असतात, आणि त्यांतील बहुतेक कारणे नोटरीच्या हातची नसतात.

राज्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे तुरळक पण बोधप्रद आहेत. कनेक्टिकटने पाच डॉलरच्या शुल्काखेरीज प्रवासासाठी मैलामागे ३५ सेंट मंजूर केले. परंतु हा आकडा कायद्यात गोठलेला राहिला, तर केंद्रीय कर खात्याने व्यवसायासाठी गाडी वापरण्याचा मान्य केलेला प्रमाणित दर २०२५ साली मैलामागे ७० सेंटवर पोहोचला, म्हणजे कायद्याने दिलेला भत्ता खर्चाच्या निम्म्यावर आला. नेवाडाची तरतूद अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तेथे प्रवासाचा मोबदला मैलांवर न मोजता वेळेवर मोजला जातो : सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत तासाला १५ डॉलर आणि रात्रीच्या वेळेत तासाला ३० डॉलर, किमान दोन तासांचे, आणि तेही आधी संमती घेऊन. त्याहून महत्त्वाचे असे की नोटरी प्रवासाला निघाल्यानंतर ग्राहकाने मागणी रद्द केली, किंवा ग्राहकाच्या अथवा त्या कामासाठी आवश्यक असलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या वागण्यामुळे साक्षांकन होऊ शकले नाही, तरीही ठरलेले प्रवासशुल्क घेण्याचा हक्क हा कायदा नोटरीला देतो. रद्द झालेल्या भेटीला कायद्याच्या भाषेत स्थान देणारे हे विरळ उदाहरण होय.

नोटरींनी एकत्र येऊन किमान दर का ठरवला नाही, याचे उत्तर स्पर्धाविषयक कायद्यात आहे. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने दर ठरवणे गुन्हा ठरतो. व्हर्जिनियात घर घेणाऱ्या गोल्डफार्ब दांपत्याला मालमत्तेचा हक्क तपासून देण्यासाठी वकील-संघटनेच्या किमान दरपत्रकाहून कमी दराने काम करणारा एकही वकील मिळाला नाही. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली असे दरपत्रक बेकायदा ठरवले. १९९० साली, गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या राजधानीतील वकिलांनी शुल्कवाढीसाठी पुकारलेला बहिष्कारही याच कायद्याखाली अवैध ठरला. म्हणजे पगारी कामगाराला जी सामुदायिक वाटाघाट खुली असते ती स्वतंत्र नोटरीला बंद आहे, आणि पगारी अधिकाऱ्याला जी निश्चिती असते तीही त्याला नाही. कर कायद्यातही हे दुभंगलेपण उमटले आहे : साक्षांकनाचे शुल्क सार्वजनिक पदाचे उत्पन्न मानून त्यावर स्वयंरोजगार कर लागत नाही, परंतु प्रवास, छपाई व इतर सेवांचे उत्पन्न सामान्य धंद्याचे समजून त्यावर तो लागतो. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून लागू झालेल्या स्वतंत्र कामगारांविषयीच्या कायद्याने ८०० डॉलर व त्याहून अधिक रकमेच्या कामासाठी, चार महिन्यांतील कामे एकत्र धरून, लेखी करार आवश्यक केला आणि करारात तारीख नसल्यास काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले. दर ठरवण्याची मुभा नसली तरी ठरलेला दर बुडवू न देण्याचा हा मार्ग पुढे इतरत्रही स्वीकारला गेला.

व्याजदराने घडवलेला धंदा व्याजदरानेच हादरला. जानेवारी २०२१ मध्ये गृहकर्जाचा दर २.६५ टक्के या नीचांकावर आला तेव्हा फिरत्या नोटरींना दिवसाचे तास पुरत नव्हते. २०२२ च्या शरद ऋतूत तो सात टक्क्यांवर चढला आणि रीफायनान्सची मागणी आटली, पण तेजीत आलेले नवे नोटरी बाजारातच राहिल्याने त्यांच्या मोबदल्याचे दर घसरले. याच सुमारास दूरस्थ साक्षांकनाची, म्हणजे दृक्‌श्राव्य संपर्कातून ओळख पटवून सही घेण्याची, पद्धत महासाथीच्या काळात फोफावली. व्हर्जिनियाने ती २०१२ पासूनच अमलात आणली होती. फ्लोरिडा व टेक्सास या राज्यांत अशा साक्षांकनाला २५ डॉलरपर्यंत शुल्क घेता येते. परिणामी घरबसल्या केलेल्या कामाची कायदेशीर कमाल मर्यादा प्रत्यक्ष जाऊन केलेल्या कामाच्या मर्यादेहून अडीचपट झाली.

भारताचा मार्ग या बाबतीत वेगळा राहिला. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई, कलकत्ता यांसारख्या बंदरांतील नोटरींना इंग्लंडच्या कोर्ट ऑफ फॅकल्टीजकडून अधिकार मिळत आणि हुंड्यांपुरती नेमणुकीची सोय १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात होती. १९५२ च्या कायद्याने ती व्यवस्था संपवली आणि १९५६ च्या नियमांनी शुल्काचे कोष्टक घालून दिले. त्या नियमांत कमाल शुल्काबरोबरच प्रवासभत्त्याची किलोमीटरवर आधारित तरतूद आहे आणि दर कचेरीच्या आत व बाहेर ठळकपणे लावण्याचे बंधनही आहे. महाराष्ट्रात न्यायालयाच्या आवाराबाहेर बसणाऱ्या नोटरीकडे लोकच चालत जात असल्याने हा भत्ता सामान्य ग्राहकाच्या अनुभवास फारसा येत नाही, एवढेच. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला मात्र पुण्यातील सदनिकेसाठी मुखत्यारपत्र करताना अमेरिकी नोटरीची पायरी चढावी लागते, आणि भारत २००५ साली अ‍ॅपोस्टील करारात सामील झाल्यापासून अशा नोटरीच्या सहीवर त्या राज्याचा दाखला घेऊन तो दस्त भारतात वापरता येतो. त्या सहीच्या विश्वासार्हतेशी मराठी वाचकाचा संबंध येतो तो असा.

या विश्वासार्हतेचा मेहनतान्याशी असलेला संबंध हाच या इतिहासाचा गाभा होय. नोटरीचे सर्वांत मोलाचे काम सही घेणे हे नसून प्रसंगी सही घेण्यास नकार देणे हे आहे : अंथरुणावरील वृद्धाला आपण काय लिहून देत आहोत हे उमजत नाही असे दिसले, मुलाने त्याचा हात धरून लिहविण्याचा प्रयत्न केला, ओळखपत्रावरील माणूस वेगळा वाटला, तर नोटरीने कागद मिटून उठले पाहिजे असे कायदा सांगतो. परंतु मोबदला सही पूर्ण झाल्यावरच मिळत असेल, तर प्रत्येक नकार म्हणजे बुडालेली संध्याकाळ, फुकट गेलेले पेट्रोल आणि वाया गेलेला कागद ठरतो, आणि कायद्याने सोपवलेले कर्तव्य बजावण्याचा दंड त्या कर्तव्यदक्ष माणसालाच भरावा लागतो. शुल्कावर जगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निर्णयाबद्दल एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना जी शंका वाटत होती तीच येथे लागू पडते, फक्त येथे पगार हा उपाय उपलब्ध नाही. म्हणून साक्षांकनाचे शुल्क मर्यादित ठेवूनही प्रवास व वेळ यांचा मोबदला निकालावर अवलंबून न ठेवणारी नेवाडासारखी तरतूद ही नोटरीवर केलेली मेहेरबानी मानता येणार नाही. सही झाली काय किंवा न झाली काय, नोटरीला मिळणारी रस्त्याची मजुरी तीच राहते, आणि त्यामुळेच त्याच्या शिक्क्यावर भरवसा ठेवायला आधार मिळतो.